नागपुरात स्वतःची प्रॅक्टिस : कोणाकोणाचं ऐकलं नाही ते सांगा

बर्डीचा_ताळेबंद
मंडळी, माझ्याकडे आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करून गेलेला पोरगा सीए फायनल पास झाला, आता नोकरी नाही करत, सीओपी म्हणजे प्रॅक्टिसचा परवाना घेऊन स्वतःचं ऑफिस टाकतो म्हणून राहिला. घरच्यांनी त्याला पेढे वाटायला पाठवलं तर ज्याच्या ज्याच्या घरी गेला त्याने पेढा खाल्ला आणि सोबत एक सल्ला दिला. ते सगळे सल्ले घेऊन तो माझ्याकडे आला, सर यातलं काय करू. ऐका : पहिली दोन वर्षं फी मागायची नाही, फक्त माणसं जोडायची. ऑफिस धरमपेठेतच पाहिजे. बँकेच्या लोन एजंटशी सेटिंग ठेवायची. कोणत्याच कामाला नाही म्हणायचं नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे क्लायंटच्या जीएसटी लॉगिनला मोबाईल नंबर आणि ईमेल आपला टाकायचा, म्हणजे तो सोडून जात नाही.

हा शेवटचा सल्ला मला पण मिळाला होता, धंतोलीत सेमिनारच्या चहाच्या वेळी एका बऱ्याच सीनियर माणसाकडून, आणि तो इतक्या प्रेमाने दिला होता की नाही म्हणायला जड गेलं. नाही ऐकला. कारण सोपं आहे, पोर्टलवर जो ईमेल नोंदवला आहे त्यावर नोटीस आली की कायद्याने ती बजावली गेली, सीजीएसटी कायद्याचं कलम १६९ वाचा. जीएसटी रजिस्ट्रेशन रद्द करायची नोटीस, आरईजी-१७, आली तर उत्तराला सात कामाचे दिवस असतात. तुम्ही बहिणीच्या लग्नात, मेल न उघडता पडलेला, आणि इकडे क्लायंटचं रजिस्ट्रेशन गेलं, माल पाठवायचं ई-वे बिल निघत नाही, माल कळमन्याच्या बाजारात अडकला. मग तो व्यापारी चार लोकांत सांगतो की नोटीस तर सरांकडेच आली होती. आणि खरंच आली असते हो! माझ्याकडे पहिल्या दिवसापासून लॉगिन क्लायंटच्या नंबरवर, ओटीपी त्याने द्यायचा, नाही दिला तर रिटर्न लेट, लेट फी पन्नास रुपये रोज, निल म्हणजे व्यवहारच नसेल तर वीस. दोनदा भरले की ओटीपी पटकन येतो.

कोणी सल्ला दिला की मी मनात एकच पाहतो, हे केल्यावर कागदावर सही कोणाची राहणार. सल्ला देणाऱ्याची नसेल तर चहा पिऊन निघतो.

तर तुम्ही सांगा, कोणता सल्ला ऐकला नाही आणि का. पोराला हाच धागा वाचायला देतो.

इतवारीचा_मुनीम
भाऊ मी काही सीए नाही, किराण्याच्या पेढीवर बसून केस पिकले, टॅली नव्हतं तेव्हापासून वह्या लिहून राहिलो. पण ते फीचं तुम्ही एकदम फालतूत काढून राहिले ते मले पटलं नाही. इतवारीत नवीन माणूस आला की पहिले लोक पाहते हा टिकते का. पहिल्याच दिवशी पंधरा हजाराचं कोटेशन ठेवलं तं शेठ हसते आणि म्हणते, ठेवून द्या, मागून सांगतो. तो मागून कधीच सांगत नाही. आमच्या इथे ज्यानं कमी पैशात सुरुवात केली तेच आज मोठे झाले, मी डोळ्यानं पाह्यलं.

बर्डीचा_ताळेबंद
@मुनीमजी, कमी घेणं वेगळं आणि न घेणं वेगळं. तुमच्या गल्लीचंच सांगतो. एका होलसेलवाल्याचं काम मी हजार रुपये महिन्यात केलं असं धरा, संध्याकाळपर्यंत शेजारच्या सहा दुकानांना तो भाव माहीत होतो, आणि तो सहाही दुकानांसाठी माझा भाव होऊन जातो, मग कोणाच्या पन्नास एंट्र्या असो की पाच हजार. वाढवायला गेलं की म्हणतात बाजूवाल्याला तर हजारच लावता. म्हणून मी सुरुवातीला फी कमी नव्हती केली, काम कमी केलं होतं. म्हणजे इतक्या फीत फक्त जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची दोन रिटर्न, खाते लिहिणं तुमच्या मुनीमने करायचं, नोटिशीला उत्तर द्यायचं आलं तर त्याचे पैसे वेगळे, आणि हे सगळं आधी एका पानावर लिहून सही घेऊन. ज्याला एंगेजमेंट लेटर म्हणतात ते, पण मराठीत, कारण शेठने वाचलं पाहिजे. आणि आपल्या सीए संस्थेचा (आयसीएआय) स्वतःचा शिफारस केलेला किमान फीचा तक्ता आहे, शहराच्या वर्गाप्रमाणे, बंधनकारक नाही पण समोर ठेवला की बोलणं सुरू तरी होतं.

मानेवाडा_ताई
मी जीएसटी प्रॅक्टिशनर, बीकॉम करून परीक्षा देऊन झाले, सीए नाही. मला मिळालेला सल्ला घरातूनच होता. नातेवाईकांकडून पैसे घेऊ नकोस, तेच पुढे गिऱ्हाईकं आणतील. सासरकडचे, माहेरकडचे, सोसायटीतले, मामेसासऱ्यांच्या ऑफिसातले, जुलै महिन्यात माझ्या दारात रांग, आणि सगळे घरचेच. आणि घरचा माणूस फॉर्म १६ कधी देतो, तर तीस तारखेला रात्री, फोटो काढून, अर्धा कापलेला. म्हणून मी एक ठरवलं, नवऱ्याचं आणि दोन्हीकडच्या आईबाबांचं फुकट, बाकी सगळ्यांना पावती. एका काकूंनी वर्षभर बोलणं सोडलं, मग दुसरीकडून रिटर्न भरून घेतलं, तिथे रिफंडसाठी बँक खातं व्हॅलिडेट करायचं राहिलं, तर परत आल्या. तेव्हाही पावती दिली :)

दुसरा सल्ला असा की जीएसटीचं काम आता संपलं, सगळं ऑटोमॅटिक, तू शिकवणी घे त्यापेक्षा. हा तर दरवर्षी येतो. ९सी वर, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक ताळमेळाच्या फॉर्मवर, सीएची सही २०२०-२१ पासून काढली तेव्हा पण म्हणाले संपलं. अहो संपलं कुठे? जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये, म्हणजे सप्लायरने टाकलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं त्या यादीत, दिसतं तेवढंच खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे ज्या सप्लायरने बिल अपलोड केलं नाही त्याच्यामागे कोण धावणार, माझी गिऱ्हाईकं? ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस (बिलं तपासायची सोय) आलं, आता एकेक बिल ॲक्सेप्ट, रिजेक्ट, पेंडिंग करत बसा. माझं निम्मं काम हे मॅचिंगचंच आहे, आणि ते महिन्याच्या महिन्याला येतं, ऑडिटसारखं वर्षातून एकदा नाही.

ऑफिसबद्दल पण सांगते. धरमपेठेत भाडं भरायचं तर अर्धी फी तिथेच जाईल. माझे लोक मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा इकडचे, हार्डवेअरवाले, प्लायवुडवाले, एक-दोन मंगल कार्यालयं. ते गाडी काढून वेस्ट हायकोर्ट रोडला येणार आणि पार्किंग शोधत फिरणार? घराच्या खालच्या खोलीत बसते, बाहेर पाटी आहे, पंखा आणि कूलर आहे, मे महिन्यात लोक कामापेक्षा कूलरसाठी जास्त वेळ बसतात.

कोथरूडस्थित_नागपूरकर
पुण्यातून वाचतोय, मूळचा नागपूरच्या महाल भागातला. इकडे सल्ल्यांची जातच वेगळी आहे. "पर्सनल ब्रँड" बनव, रोज रील टाक, "हा एक फॉर्म भरला नाहीत तर घरी नोटीस येईल" असं घाबरवायचं, खाली व्हॉट्सॲप नंबर. माझा बॅचमेट हे करतो आणि फॉलोअर्स प्रचंड. मी विचारलं, सीए कायद्याच्या पहिल्या शेड्यूलचं क्लॉज ६ आणि ७ वाचलंस का, गिऱ्हाईक ओढणं आणि जाहिरात दोन्ही त्यात आहे. म्हणाला सगळेच करतात. संस्थेने वेबसाइट वगैरेच्या बाबतीत नियम मध्येमध्ये सैल केलेत हे खरं, पण म्हणून काय काय चालतं हे ताजी गाइडलाइन स्वतः वाचून ठरवावं, बॅचमेटच्या तोंडून नाही.

आणि दुसरा प्रकार, रिफंडवर टक्केवारी. "शंभराचा रिफंड काढून देतो, दहा माझे." हा सल्ला मला एका आयटी कंपनीतल्या माणसाने दिला होता, म्हणे आमच्या फ्लोअरवर दोनशे लोक आहेत, सगळे देतो, टक्केवारीवर कर. क्लॉज १० मध्ये नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्क्यावर फी घेणं सरळ बंद आहे, थोडे अपवाद सोडले तर. पण नियम बाजूला ठेवा. टक्केवारीवर बसलेला माणूस रिफंड वाढवणारच ना, मग एचआरए (घरभाड्याची सूट) वाढतो, ८०जीजीसीमध्ये कुठल्यातरी पक्षाला देणगी उगवते.

बर्डीचा_ताळेबंद
@कोथरूड, बरोबर. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली ती याच धंद्यावर, खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर. त्या आधी खात्याने लोकांना एसएमएस-ईमेल पाठवून रिटर्न सुधारायची संधी पण दिली होती. माझ्याकडे त्या दिवसांत काही पगारदार लोक आले, दुसरीकडून भरलेलं रिटर्न घेऊन, अपडेटेड रिटर्न भरायला. एकालाही माहीत नव्हतं की आपल्या नावावर कोणत्या पक्षाला देणगी दाखवली. "त्यांनी सांगितलं काही होत नाही." हेच ते वाक्य. काही होत नाही म्हणणारा माणूस नोटीस आली की फोन उचलत नाही.

वाडीनाका
हाव भाऊ सगळं बरोबर पण मी एक वेगळं सांगतो. मला सगळ्यांनी म्हटलं होतं एकाच लाईनचे क्लायंट घेऊ नको, ती लाईन बसली की तू पण बसला. मी अमरावती रोडला वाडीत बसतो, ट्रान्सपोर्टवाले सोडून दुसरं काही पाहतच नाही, आणि हेच माझं चाललं. कारण काय, दहापर्यंत गाड्या असलेल्या माणसाला १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४एई लागते, जड गाडीला टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरायचं, हलक्या गाडीला साडेसात हजार, आणि गाडी उभी असली तरी धरायचं, मालकीची आहे नं. हे एकदा समजलं की पन्नास जणांचं समजलं. जीटीएचं (ट्रान्सपोर्ट एजन्सीचं) आरसीएम, म्हणजे सेवा घेणाऱ्याने उलटा भरायचा जीएसटी, कोण भरणार, बिल्टीवर काय लिहायचं, ड्रायव्हरचे ॲडव्हान्स, डिझेलचे कॅश पेमेंट, फास्टॅगचं स्टेटमेंट, हे बर्डीतला सीए पहिल्यांदा पाहते तेव्हा त्याला दोन दिवस जाते, मला एक तास. आणि ढाब्यावर दोन गाडीमालक बसले की माझं नाव निघते, त्याला कोणतीच जाहिरात लागत नाही.

धोका आहे, नाही म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या होत्या तेव्हा फी पण उभी होती. पण सगळ्याच लाईनी उभ्या होत्या तेव्हा.

गोंदिया_फायनल
मी अजून क्वालिफाय व्हायची आहे, मे मध्ये देते. इथे राइस मिलवाले खूप. मला सगळे सांगतात की सुरुवातीला कोणालाच नाही म्हणायचं नाही, कारण रिकामं बसण्यापेक्षा बरं. बर्डी सरांनी ते पण वाईट सल्ल्यात टाकलं पण त्यावर काही लिहिलं नाही. खरंच वाईट आहे का?

बर्डीचा_ताळेबंद
@गोंदिया, चांगलं पकडलं. माझं मत असं की छोटं, कटकटीचं, कमी पैशाचं काम येऊ द्या, त्यातूनच शिकतो. मी कुरिअरवाल्याचं, चाट भांडारवाल्याचं सगळं केलं. पण एक माणूस असा येतो जो काम घेऊन येत नाही, सही घ्यायला येतो. टर्नओव्हर सर्टिफिकेट पाहिजे, नेटवर्थ पाहिजे, उद्या बँकेत द्यायचं आहे, कागद मागून देतो. नाही तर कोणी "टॅक्स ऑडिटच्या चाळीस फाइली आहेत, आम्ही सगळं तयार करून आणतो, तुम्ही फक्त सही करा, फाइलीमागे एवढे" असं सांगत येतो. सप्टेंबरात तर असे फोन रोज येतात. एका सीएला वर्षात साठ टॅक्स ऑडिटची मर्यादा आहे, म्हणून रिकामी सही असलेला नवीन पोरगा शोधत असतात ते. २०१९ पासून यूडीआयएन आहे, प्रत्येक सर्टिफिकेटचा नंबर पोर्टलवर टाकून कोणीही पाहू शकते की ही सही कोणाची. न तपासता सर्टिफाय केलं तर दुसरं शेड्यूल लागते, ते पहिल्यापेक्षा भारी. तिथे नाही म्हणायचं. बाकी चाटवाल्याला हो.

मानेवाडा_ताई
याला माझं अर्धंच हो. छोटी कामं सगळी घेतली तर दिवस त्यातच जातो आणि मोठं काम आलं तरी वेळ नसतो. माझ्याकडे एक होते, महिन्याला तीन बिलं, पण दिवसाला तीन फोन. त्यांना मीच दुसऱ्या प्रॅक्टिशनरकडे पाठवलं. तर तारखांचं बघा, २०२५ मध्ये साधी रिटर्नची तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, मग १५ च्याच रात्री एक दिवस वाढवून १६, आणि टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर, मग १० नोव्हेंबर. या सगळ्यात दर महिन्याची जीएसटी रिटर्नची ११ आणि २० तारीख काही थांबत नाही. दिवाळी कधी आली कधी गेली, करंजी मी विकत आणली. त्या महिन्यांत तीन बिलंवाल्या काकांचे फोन कोणी घ्यायचे?

इतवारीचा_मुनीम
ताई ते काका मीच तं नाही नं? :)
बरं, मी म्हणतो ते हेच, तुम्ही लोक शिकलेले, तुमच्या कायद्यात सगळं लिहून असते. पण व्यापारी काय पाहते हे पण लिहा. आमचा शेठ सीए बदलतो तं फीसाठी नाही बदलत. फोन उचलत नाही म्हणून बदलते. नोटीस आली, शेठला रात्रभर झोप नाही, सकाळी फोन केला तं सर मीटिंगमध्ये. अरे बाप्पा, दोन ओळी पाठवा, पाहून सांगतो, घाबरू नका. एवढ्यानं माणूस दहा वर्षं टिकते. हा सल्ला कोणी दिला नसेल पोराला पेढे खाऊन.

वाडीनाका
मुनीमजी हा चांगला सल्ला आहे पण धाग्याचा विषय वाईट सल्ले आहे, शिस्त पाळा.

बर्डीचा_ताळेबंद
नाही नाही, चालते. आणि त्याला जोडून, मुनीमजींच्या गांधीबागेकडच्या लोकांसाठी एक काम सध्या भरपूर आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, वर्षाच्या शेवटी मुदत उलटून थकलेले राहिले तर त्या वर्षी खर्च मिळत नाही. निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. कापड बाजारात तीन-तीन महिन्यांची उधारी चालते, तिथे हे मार्चच्या आधी सांगितलं पाहिजे, ऑडिटच्या वेळी नाही. तेव्हा एकाने मला सल्ला दिला की सांगूच नको, क्लायंट घाबरून जाईल. मी फेब्रुवारीत सगळ्यांना क्रेडिटरची लिस्ट मागितली, उद्यम नंबर (लघुउद्योग नोंदणीचा) कोणाकडे आहे, त्यात उत्पादक कोण आणि नुसता ट्रेडर कोण, कारण ट्रेडरला हे लागत नाही. कटकट झाली, पण दोन नवीन क्लायंट त्यातूनच आले, ज्यांना त्यांच्या माणसाने सांगितलं नव्हतं.

गोंदिया_फायनल
अजून दोन प्रश्न. एक, ते बँक एजंटचं सेटिंग म्हणजे नक्की काय असतं? दुसरं, एखादा राइस मिलवाला जुन्या सीएला सोडून आपल्याकडे ऑडिटला आला तर सरळ घ्यायचं का? इथले म्हणतात जुन्या सरांना काही विचारायची गरज नाही, उगीच नाराज होतात.

कोथरूडस्थित_नागपूरकर
पहिल्याचं मी सांगतो. एजंट लोनची फाइल आणतो, तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीएमए डेटा (बँकेला द्यायचे आकड्यांचे तक्ते) करता, फीमधून त्याला वाटा द्यायचा. सदस्य नसलेल्याला फीत वाटा किंवा कमिशन देणं क्लॉज २ मध्ये बंद आहे. आणि एजंटला लोन मंजूर होण्यात रस असतो, विक्रीचा अंदाज खरा असण्यात नाही. पुढच्या तीन वर्षांची विक्री तिप्पट दाखवा म्हणतो. खातं एनपीए म्हणजे थकीत झालं की बँक रिपोर्ट काढून बघते कोणी बनवला.

बर्डीचा_ताळेबंद
दुसऱ्याचं : नाही, सरळ घ्यायचं नाही. क्लॉज ८. जुन्या ऑडिटरला आधी लेखी कळवायचं, लोक त्याला एनओसी म्हणतात पण परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं, आणि काही व्यावसायिक कारण आहे का ज्यामुळे मी घेऊ नये, ते विचारायचं. बऱ्याचदा त्यातूनच कळते की स्टॉक दरवर्षी जुळत नव्हता म्हणून ते सोडून आले. आणि जुन्या सरांची वादात नसलेली ऑडिट फी बाकी असेल तर ती दिल्याशिवाय घेता येत नाही. राहिली नाराजीची गोष्ट, कळवलं नाही तर ते नाराज होऊन थांबत नाहीत, तक्रार करतात.

गोंदिया_फायनल
पत्र कसं पाठवायचं? व्हॉट्सॲपवर निळी टिक आली तर चालते का?

बर्डीचा_ताळेबंद
निळ्या टिकेवर राहू नको. पोचपावती पाहिजे. हातोहात देऊन त्यांची सही-शिक्का घेता येतो, नाही तर पोस्टाने ॲक्नॉलेजमेंटसह. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं, तर खिडकीवर स्पीड पोस्ट विथ रजिस्ट्रेशन मागायचं आणि पोचपावतीचं वेगळं सांगायचं, नाही सांगितलं तर लावत नाहीत. ईमेल पण चालतो, पण नुसता पाठवून नाही, त्यांच्या संस्थेकडे नोंदवलेल्या किंवा शेवटच्या माहीत असलेल्या ऑफिशियल ईमेलवरून पोच आली पाहिजे. ती प्रिंट काढून फाइलीत लाव, मग स्वीकार.

इतवारीचा_मुनीम
पोरी गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना आमच्या शेठचे दोन लाख बाकी आहे, त्यांचं ऑडिट घेतलं तं सांगजो.